कलाच्या करवंटीतले चिंचोके

आनंदीकाकीने पाच नारळ खानावळीच्या पायरीवर ठेवले. कलाने ते उचलण्याआधी तांब्यात बोटं बुडवली आणि नारळांवर पाणी शिंपडलं. नीट, एकेका नारळावर.

काकी बघतच राहिली. "ह्या काय गो?"

"काय नाय काकी. आमचे सासरे तुमच्याकडे सूपां-रोवळी घेवन येयत, तेव्हा तुमी पाणी मारून घेयत होतास मां? माका वाटला हीच रीत."

आत जेवायला बसलेल्या पुण्याच्या लोकांना काहीच कळलं नाही. मी कोपऱ्यात चहा पीत सगळं ऐकत होते. गावकरवाडीतल्या बाईच्या तोंडावर असं बोलायचं, तेही हसत हसत! काकी लालबुंद झाली. पण नारळ तिने परत नेले नाहीत, कारण कला बाजारापेक्षा बरा भाव द्यायची. पुढच्या आठवड्यात काकी पुन्हा नारळ घेऊन हजर, आणि कलाचा हात पुन्हा तांब्यात.

कला माझी धाकटी जाऊ. आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नव्हे, पोटात दुखेपर्यंत. आता कोणी म्हणेल, तुम्ही शिकलेल्या, शाळेतल्या बाई, तुम्हाला कसला हेवा त्या सातवी झालेल्या पोरीचा? बाई गं, तेच तर.

आमची बौद्धवाडी आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. वाडीचा जुना धंदा बांबूचा: सूप, रोवळी, डाली. गावात एक घर असं नव्हतं जिथे आमच्या हातची रोवळी नाही. लग्नात तांदूळ धुवायचे ते आमच्याच रोवळीत. फक्त ती घरात घेताना उंबऱ्यावर पाणी मारायचं, की झाली शुद्ध. सासरे ते बघून न बघितल्यासारखं करायचे. मी लग्न होऊन आले ती डी.एड. करून, राखीव जागेवर जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून. बांबूला मी हात लावला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. शाळेत मला खुर्ची मिळाली. चहाचा कप मात्र माझा वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला, कान तुटलेला. बाकीचे गुरुजी माझ्याशी फार गोड बोलायचे, कप मात्र बदलला नाही. मी मनात म्हणायचे, सरकारने खुर्ची दिली, उद्या कपही देईल. कायद्यावर माझा असा भरवसा.

कला अठ्ठ्याण्णव साली धामापूरकडून लग्न होऊन आली. येताना ट्रंकेबरोबर स्वतः विणलेली रोवळी घेऊन आली. काळी, ठेंगणी, केसात कायम अबोलीचा वळेसर. बसलेली मी तिला क्वचितच पाहिली. चुलीपुढेही उकिडवी, म्हणजे उठायला सोपं. आमटीची चव पळीने नाही, तळहातावर थेंब टाकून बघायची आणि मग स्वतःशीच मान हलवायची, जणू कुणाशी पैज लावली होती आणि जिंकली. आल्या महिन्यातच सासूबाई म्हणाल्या, "थोरलेच्या हातात खडू, धाकटेच्या हातात चव." लोकांना ते कौतुक वाटलं. मला ते आजही टोचतं. सात वर्षं त्यांनी माझ्या हातचं खाल्लं होतं आणि एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता. माझा नवरा तर बांगड्याच्या तिखल्याचा दुसरा वाटा मागायला लागला. माझ्याकडे कधी मागितला नव्हता.

तरी खिचडीची नोकरी तिला मीच मिळवून दिली. आधी सरकार शाळेत मुलांना नुसते तांदूळ द्यायचं. मग शाळेतच शिजवून वाढायचा हुकूम आला. शिजवायला बाई हवी होती. मी परिपत्रक वाचून दाखवलं, समितीत भांडले, आणि कलाचं नाव लावलं. तिच्या भल्यासाठी लावलं असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. गावातली सगळी मुलं एका ओळीत बसून आमच्या वाडीतल्या बाईच्या हातचं जेवतील, आणि ते मी घडवून आणलेलं असेल, हे मला बघायचं होतं. माझ्या नोकरीचं सार्थक त्यात होतं. बाकी पाढे काय, कुणीही शिकवतो.

पहिल्या दिवशी खिचडीचा वास शाळाभर सुटला. मुलं ओसरीवर ओळीत बसली. आणि गावकरवाडीतल्या एकोणीस मुलांनी दप्तरातून घरचे डबे काढले. शाळा समितीचे अध्यक्ष दाजी, म्हणजे आनंदीकाकीचे यजमान, दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल काय नाय. पोरांका पोटात मुरडा येता सरकारी तांदळान." तांदूळ तोच, जो आदल्या महिन्यापर्यंत त्यांच्या घरी शिजत होता!

मी अर्ज लिहिला. एक नाही, चार. शेवटी विस्तार अधिकारी आले. त्यांनी पालकांना दमात घेतलं, कायद्याचं कलम सांगितलं, आणि सगळ्या मुलांना खिचडी वाढायला लावली. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझी छाती फुगली होती. तेवढ्यात दाजींची नात सायली, तिसरीतली, घास तोंडात धरून रडायला लागली. गिळेना, थुंकेना. साहेब तिच्याकडे बघतात, ती आजोबांकडे बघते. कला टोपाजवळ पळी घेऊन उभी होती. ती आली, सायलीच्या तोंडापुढे तळहात धरला आणि म्हणाली, "टाक गो हातार. टाक. कोण मारूचा नाय."

पोरीने घास तिच्या तळहातावर टाकला.

घरी येऊन कला मला म्हणाली, "अक्का, माजा नाव काडून टाक. जबरदस्तीचो घास घशाखाली उतारता, पण अंगाक लागणा नाय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अगं, आपण जिंकलो होतो! महिनाभर साहेब येत राहिले असते तर सवय झाली असती. सवयीनेच सगळं होतं. मला खुर्ची काय कुणी प्रेमाने दिली?"

"तुका दिली ती खुर्ची. खुर्चेक काय तुजी चव घेवची नव्हती."

मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. खिचडीला आनंदीकाकीची भाची लागली, मुलं निमूट जेवू लागली, आणि विस्तार अधिकाऱ्यांनी 'तक्रार निकाली' असा शेरा मारला.

पुढच्या दिवाळीत कलाने वेशीबाहेर, डांबरी रस्त्याला, चार बांबू आणि माडाच्या झापांचा मांडव घातला. तेव्हा समुद्र बघायला बाहेरच्या गाड्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. मी म्हटलं, पाटीवर नुसतं 'मालवणी जेवण' लिही. तिने नवऱ्याकडून रंगवून घेतली ती अशी: 'कलाची खानावळ, बौद्धवाडी.' आणि दारातून आत पाऊल टाकलं की समोरच, आमच्या वाडीत घरोघरी असतो तो फोटो. निळा कोट, चष्मा.

"अगं, गिऱ्हाईक फिरेल!" मी म्हटलं.

"आधी बगूक व्हया, मगे बसूक व्हया. जेवल्यार बगल्यानी तर पोटात कालवात तेंच्या. गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी आपणच घेवक व्हयी मां?"

फिरायचे लोक. मी सुट्टीच्या दिवशी तिथे बसून पाहिलंय. गाडीतून उतरायचे, दारात थबकायचे, एकमेकांकडे बघायचे, "जरा फोन करून येतो" म्हणत परत जायचे. चुलीमागच्या फळीवर कलाने एक करवंटी ठेवली होती आणि बाजूला डबाभर चिंचोके. माणूस फिरला की एक चिंचोका डब्यातून करवंटीत. टक्. दर संक्रांतीला करवंटी रिकामी करून नव्याने सुरुवात. पहिल्या वर्षी करवंट्या दोन लागल्या. दुसऱ्या वर्षी एक, काठोकाठ. तिसऱ्या वर्षी अर्धी.

"बग अक्का," ती मला दाखवायची, "तुजो कायदो नाय, साहेब नाय. बांगडो आसा. भुकेक आडनाव नसता."

"पोट भरल्यावर येतंच ना आडनाव परत?"

"येवंदे. मगे परत भूक लागतली."

आणि हसायची. मला राग यायचा तो त्या हसण्याचा. मी एवढी कलमं पाठ केली, एवढे अर्ज लिहिले, माझ्या कपाचा कान तुटलेला तो तुटलेलाच. आणि हिच्याकडे मुंबईचे वकील बोटं चाटतात, पुन्हा यायचं वचन देऊन जातात! जळली मेली ती खानावळ, असं एकदा मी मनात म्हटलंय. खोटं कशाला बोलू.

पण तिचंही सगळं बांगड्याने झालं नाही, हे मी सांगणारच. खानावळीपासून हाकेवर शिवेची विहीर होती. खानावळ चालायला लागल्यावर विहिरीचा रहाट नाहीसा झाला. दाजी म्हणाले, मोडला, दुरुस्तीला दिलाय. तो दुरुस्त होऊन कधी आलाच नाही. कला घरून डोक्यावर पाणी वाहायची, दिवसाला बारा-बारा खेपा. गिऱ्हाइकांना त्याचं काय? ते सोलकढी पिऊन जायचे. तेव्हा धावून गेला तो माझा कागद. पंचायत समितीत मी चपला झिजवल्या, दीड वर्षाने रस्त्याच्या कडेला सार्वजनिक नळ आला. कलाने पहिला तांब्या भरला, स्वतः प्यायली नाही, माझ्या हातात दिला. "पी. तुजा पाणी." एवढंच. आभार मानायची सवय तिला नव्हती.

त्याच साली गावपळण आली. ग्रामदेवतेचा कौल मिळाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुराढोरांसकट घरं सोडून वेशीबाहेर राहतं. आमच्या वाडीने देव सोडले, पण गावपळण सोडली नाही. गाव रिकामं करायचं म्हटलं की सगळ्या वाड्या सारख्याच रस्त्यावर येतात, आणि आम्हाला ते आवडायचं. तर त्या वर्षी वेशीबाहेरच्या माळावर झापांच्या खोपी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध कलाची खानावळ. रहाट नसलेली विहीर त्यांची, पाणी येणारा नळ आमचा.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणी आलं नाही. लोक लांब व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, जाऊन आले. ऊन चढलं, गुरं हंबरायला लागली. मग एक कळशी आली, मग दहा. चारच्या सुमाराला आनंदीकाकी रांगेत! मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. कलाने तिची कळशी विसळली, भरली, कडेवर उचलून दिली आणि म्हणाली, "काकी, शिपडूचा आसला तर हयच शिपडा. पाणी फुकट आसा. आमच्या बाईंनी हाडलला."

काकीने शिंपडलं नाही. तिथेच ओंजळीने प्यायली. मी पाहिलं.

संध्याकाळी कला घावणे घालत होती. सायली, आता सातवीतली, मांडवाच्या बांबूला धरून उभी. मला म्हणाली, "बाई, मी खाऊ?"

"इचारतंस कोणाक?" कला तव्यावरची नजर न हलवता बोलली. "भूक तुका लागली काय बाईंका?"

पोरीने पाच घावणे खाल्ले, नारळाच्या रसात बुडवून. कुणी दमात घेतलं नव्हतं, कलम नव्हतं, साहेब नव्हता. मी समोर उभी होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला की, झाला नाही असं नाही. पण त्याच्या वर, दुधावरच्या सायीसारखा, हेवा. ती माझी विद्यार्थिनी होती. तिला तो घास मी भरवायचा होता.

चौथ्या दिवशी गाव परत गेलं. आनंदीकाकी आपल्या विहिरीवर, आम्ही आपल्या वाडीत. पण सायली मैत्रिणींना घेऊन शाळा सुटल्यावर खानावळीत यायला लागली आणि दाजींनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर एकदा ते विस्तार अधिकारी खानावळीत जेवायला आले. मीच घेऊन गेले, मानाने. साहेबांनी तिखलं ओरपलं, ढेकर दिली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे अर्ज करत होतात. या बाईंनी बघा, एकही अर्ज न करता करून दाखवलं. शेवटी समाज असाच बदलतो, नाही का?"

ज्या माणसाने 'तक्रार निकाली' लिहिलं, तो मला समाज शिकवत होता! नळाच्या पाण्याने हात धुऊन! मी हसले. काय करणार, साहेब. ते गेले. कला पाठमोरी, भांडी घासत होती. मी चुलीमागे गेले. करवंटीच्या तळाशी जेमतेम सात-आठ चिंचोके. वर्ष संपत आलं होतं. ते सात-आठ बघून माझं डोकंच फिरलं. मी डब्यात हात घातला, मूठभर चिंचोके काढले आणि करवंटीत टाकले. असं करून मला काय मिळणार होतं? तिची बेरीज चुकेल, एवढंच. तिला वाटेल, अजून लोक फिरतात, अजून अक्काच्या कागदाची गरज आहे.

कला मागे वळली नाही. संक्रांतीला तिने करवंटी रिकामी केली नाही, आणि पुढच्या वर्षीही केली नाही. मी विचारलं नाही.

दोन हजार दहा साली मला मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली, कुडाळच्या बाजूची शाळा. पालकांनी निरोपाचं जेवण ठरवलं. समितीत दाजीच म्हणाले, "जेवाण कलाकडसून हाडूया. शंभर माणसांचा तीच करीत." कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जणू नेहमीचंच.

शाळेच्या त्याच ओसरीवर पंगत बसली. सगळ्या वाड्यांची मुलं, एका ओळीत. कॉलेजात जायला लागलेली सायली वाढायला. कला टोपाजवळ, पळी घेऊन. मी सात वर्षं अर्ज लिहिले ते याच पंगतीसाठी. आणि ती आज जेवत होती, माझ्याच निरोपाला, आणि तिच्यात माझं काही नव्हतं. आनंदीकाकी आली नव्हती. गुडघे दुखतात म्हणे. खरं सांगू, मला बरं वाटलं. कुणीतरी अजून शिल्लक होतं, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी एसटीसाठी मी खानावळीशी थांबले. कलाने फळीवरची करवंटी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत घातली.

"ह्या घे. ह्यात मूठभर तुजे आसत."

"माझे कसले?"

"सायब जेवन गेल्यार टाकलंस ते. एक चिंचोको पडता तेचो आवाज येगळो, मूठ पडता तेचो येगळो. भांडी घासतंय म्हणान कान काय धुवन काढलंय?"

मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. "मग तेव्हाच काढून का नाही टाकलेस?"

"कित्याक काडू?" तिने पदराने हात पुसले. "दारातसून फिरले ते मी मोजलंय. रस्त्यारसूनच पाटी वाचून ज्येंनी गाडीच थांबवक नाय, ते मी कसे मोजू? माका सुचाकच नव्हता ता. तुजी मूठ पडली आणि सुचला. ती तेंची म्हणान ठेवलंय."

जळफळून टाकलेल्या मुठीचा तिने हिशोब लावला होता, आणि तो माझ्यापेक्षा बरोबर होता. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर ती म्हणाली, "गाडी इली बग. तुज्या नव्या शाळेत कपाचा काय ता आधी बग." कपाचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर खाली उतरून कुणाचं तरी गाठोडं टपावर चढवत होता, तेवढ्यात एक पांढरी गाडी खानावळीपुढे थांबली. तिघं उतरली. दारात गेली, आत बघितलं. एकाने दुसऱ्याच्या दंडाला हात लावला. तिघं परत गाडीत बसली.

कलाचा हात सवयीने फळीकडे गेला. चाचपला. फळीवर काही नव्हतं. करवंटी माझ्या मांडीवर होती.

तिने हात तसाच क्षणभर धरला. मग माझ्या खिडकीकडे बघितलं, मोठ्याने हसली, आणि वळून तव्यावर घावण घातला. मला त्याचा चर्र आवाज आला. मी तिच्या जागी असते तर त्या गाडीचा नंबर लिहून घेतला असता आणि अर्ज केला असता, नाहीतर रडत बसले असते. घंटी वाजली, एसटी सुटली, आणि मेलं त्याचाही मला हेवाच वाटला.